ड्रायव्हरमधील बफर ओव्हरफ्लो

संगणकाला किंवा नियंत्रकाला जोडलेल्या उपकरणाशी बोलण्याचे काम जी आज्ञावली करते तिला ड्रायव्हर म्हणतात. उपकरणाकडून आलेले बाइट ड्रायव्हर आधी स्मृतीतल्या एका ठरावीक मापाच्या जागेत, म्हणजे बफरमध्ये, उतरवून घेतो. मावतात त्याहून जास्त बाइट आले आणि ड्रायव्हरने न मोजता लिहिणे चालूच ठेवले, तर शेजारच्या जागेतला मजकूर पुसला जातो. हाच बफर ओव्हरफ्लो. बहुतेक ड्रायव्हर सी भाषेत लिहिलेले असतात आणि सी भाषा ॲरेची, म्हणजे सलग घरांच्या रांगेची, हद्द स्वतःहून तपासत नाही. साध्या ॲप्लिकेशनमध्ये असे झाले तर बहुधा तेवढे ॲप्लिकेशन बंद पडते. कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, चालणाऱ्या ड्रायव्हरने हीच चूक केली तर सगळे यंत्र आडवे होते, किंवा बाहेरच्याच्या ताब्यात जाते.

हा दोष जुना आहे. नोव्हेंबर १९८८ मध्ये पसरलेल्या मॉरिस वर्मने, म्हणजे स्वतःहून एका संगणकावरून दुसऱ्यावर जाणाऱ्या आज्ञावलीने, युनिक्समधल्या ‘फिंगर’ सेवेत शिरण्यासाठी तोच वापरला होता. त्यामागचे, लांबी न बघता ओळ वाचणारे ‘गेट्स’ हे फंक्शन सी भाषेच्या २०११ च्या मानकातून अखेर वगळले गेले. ड्रायव्हरकडे वेगळे लक्ष वळले ते नंतर. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००१ मध्ये लिनक्स कर्नल तपासला तेव्हा काही प्रकारच्या चुकांचे प्रमाण ड्रायव्हरमध्ये उरलेल्या कर्नलच्या तीन ते सात पट आढळले. याचे नवल वाटू नये. ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्या टेबलावर ते उपकरण सहसा एकच असते, आणि तेही नीट चालणारे. २०१५ मध्ये उघडकीस आलेला ‘व्हेनम’ दोष तर क्यूएमू या आभासी संगणकाच्या फ्लॉपी नियंत्रकात होता, तोही २००४ पासून. फ्लॉपी कोणी वापरत नव्हते, पण तिचा ५१२ बाइटांचा बफर जागेवरच होता.

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींत किंवा सिन्नरला हा विषय समजावून सांगायचा, तर मॉडबससारखे उदाहरण नाही. वीजमीटर, तापमान नियंत्रक, मोटारीचे ड्राइव्ह यांना दोन तारांच्या आरएस-४८५ जोडणीवर बोलते करणारी ही १९७९ मधली पद्धत आजही कारखान्यांत सर्रास चालते. तिच्यात एका संदेशाची कमाल लांबी २५६ बाइट असते. संदेश संपला हे ओळखायचे ते साडेतीन अक्षरांएवढ्या शांततेवरून. ९६०० बॉडला, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाला, ही शांतता जेमतेम चार मिलिसेकंदांची. आता एकाच पत्त्याचे दोन मीटर चुकून एका लाइनवर लागले, किंवा लाइनच्या टोकाचे रेझिस्टर बसवायचे राहिले आणि शेजारी वेल्डिंग सुरू झाले, की ती शांतता येतच नाही. बाइट येत राहतात, इंटरप्ट (बाइट आला की लगेच चालणारा कोड) प्रत्येक बाइट पुढच्या घरात ठेवत जातो, आणि २५७ वा बाइट बफरबाहेर पडतो.

‘पण सीआरसी आहे ना?’ हा प्रश्न इथे हमखास येतो. आहे, पण संदेशाच्या शेवटी येणारी ही पडताळणीची संख्या तपासली जाते संदेश पूर्ण झाल्यावर, आणि नुकसान त्याआधीच झालेले असते. कधी दोष योगायोगाने झाकलेला असतो. बफर २५६ चा आणि इंडेक्स, म्हणजे पुढच्या घराचा क्रमांक, आठ बिटांचा असेल तर २५५ नंतर इंडेक्स पुन्हा शून्यावर येतो आणि बाहेर काहीच जात नाही. पुढे कोणी ‘नीटनेटकेपणा’ म्हणून तोच इंडेक्स सोळा बिटांचा करतो, आणि इतकी वर्षे निमूट चाललेला कोड पावसाळ्यात हँग होऊ लागतो.

शोधताना मुख्य अडचण अशी की चूक एकीकडे आणि क्रॅश भलतीकडे. चोर सोडून संन्याशाला सुळी, तसा दोष शेजारच्या निरपराध मॉड्यूलच्या माथी येतो. म्हणून क्रॅश झालेल्या ओळीपेक्षा, बिघडलेल्या पत्त्याच्या अलीकडे स्मृतीत कोणता बफर आहे हे आधी बघावे. छोट्या नियंत्रकावर त्या पत्त्यावर डीबगरचा वॉचपॉइंट (तिथे कोणी लिहिले की थांबवणारा पहारा) लावला की तिथे लिहिणारा रंगेहाथ सापडतो. लिनक्समध्ये २०१५ पासून, म्हणजे ४.० आवृत्तीपासून, केॲसान हे साधन आहे. ते दर आठ बाइटांमागे एका बाइटात ‘इथे लिहिणे वैध आहे का’ याची नोंद ठेवते. त्यामुळे यंत्र मंदावते, म्हणून ते चाचणीच्या बिल्डमध्येच लावतात. एकाच स्ट्रक्चरमधला (एकत्र बांधलेल्या चलांच्या गटातला) ॲरे ओलांडून त्याच स्ट्रक्चरच्या पुढच्या घरात लिहिलेले मात्र त्याला दिसत नाही.

१९९८ मध्ये मांडली गेलेली आणि पुढे कंपायलरमध्ये रुळलेली ‘स्टॅक कॅनरी’ नाशिककराला वेगळी समजवायला नको. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागले की छातीला, यावरून गाव पुराचा अंदाज घेते. तसेच कंपायलर बफर आणि परतीचा पत्ता (फंक्शन संपल्यावर जिथे परतायचे ती जागा) यांच्यामध्ये एक यादृच्छिक संख्या ठेवतो आणि फंक्शन संपताना ती भिजली का ते पाहतो. फरक एवढाच की पाणी पायरीपायरीने चढते, चुकीचा इंडेक्स मात्र मारुतीला ओलांडून थेट पलीकडे उडी मारू शकतो.

दुरुस्ती बहुधा एका ओळीची असते, पण ती ओळ योग्य जागी हवी: लिहिण्याच्या आधी. बफर दुप्पट करणे ही दुरुस्ती नव्हे. उपकरणाने सांगितलेली लांबी ही त्याची बाजू समजावी आणि आपल्या बफरच्या मापाशी ताडून पाहावी. लांबी चिन्हांकित (ऋणही चालणाऱ्या) पूर्णांकात ठेवली तर ऋण संख्या ‘मापापेक्षा लहान’ ठरून तपासणीतून सुटते आणि कॉपी करताना अवाढव्य धन संख्या बनते. संख्या गुणिले आकार करून जागा मागताना गुणाकारच ओव्हरफ्लो होऊ शकतो. लिनक्समध्ये त्यासाठी तो गुणाकार तपासून जागा देणारे केमॅलॉक-ॲरे हे फंक्शन वापरतात. यूजर स्पेसमधून, म्हणजे कर्नलबाहेरच्या ॲप्लिकेशनच्या स्मृतीतून, लांबी एकदाच वाचून स्थानिक चलात ठेवावी, कारण तपासून झाल्यावर दुसऱ्यांदा वाचेपर्यंत ती बदललेली असू शकते. बफरचे माप सांगून मजकूर लिहिणारे ‘एसएनप्रिंटएफ’ वापरले म्हणून निश्चिंत होणारेही फसतात: ते फंक्शन किती लिहिले हे सांगत नाही, जागा असती तर किती लिहिले असते हे सांगते. तो आकडा पुढच्या इंडेक्समध्ये मिळवला की पुन्हा हद्दीबाहेर.

पॅचची चाचणी चांगल्या मीटरवर घेऊन उपयोग नाही. यूएसबी-४८५ कन्व्हर्टर लावलेला लॅपटॉप हाच बिघडलेला मीटर करावा आणि आधी २५५, मग २५६, मग २५७ बाइट पाठवावेत. पहिल्या दोन मापांना संदेश स्वीकारला जायला हवा. तिसऱ्याला तो टाकून देऊन चुकांचा काउंटर एकाने वाढायला हवा, आणि त्यापुढचा अस्सल संदेश पुन्हा नीट वाचला जायला हवा. शेवटचे हे पाऊल पुष्कळदा राहून जाते. ड्रायव्हर जादा बाइट नाकारतो, पण इंडेक्स शून्यावर आणायला विसरतो, आणि लाइन सुधारल्यावरही रीसेट करेपर्यंत मुकाच बसतो.