हजार यार्डांची जमीन: अमेरिकेतील छोट्या ग्रामीण रायफल रेंजची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या ग्रामीण भागात कोणी आपल्या जमिनीवर हजार यार्डांची, म्हणजे 914 मीटरची, रायफल रेंज काढायचे मनावर घेतो, तेव्हा त्याला बंदुकीच्या कायद्याआधी जमिनीचा कायदा आडवा येतो. नुसती नेमबाजीची जागा चालवायला तिथे केंद्राचा परवाना लागत नाही. बंदुका विकण्याचा धंदा करायचा असेल तर मात्र तो काढावा लागतो. शेतीच्या पट्ट्यात रेंज चालेल का, गोळीबार कोणत्या वारी आणि किती वाजेपर्यंत, गोळी अडवणारा मातीचा बांध किती उंच, हे बहुतेक ठिकाणी काउंटीचे, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचे, जमीनवापर मंडळ सशर्त परवानगीतून ठरवते. लांब पल्ल्याच्या नेमबाजीचा इतिहास पाहिला तर हे स्वाभाविकच वाटते. नावाजलेल्या रेंज बंद पडल्या त्या मुख्यतः शेजारी वस्ती वाढल्यामुळे.

या खेळाचे आजचे रूप ब्रिटनमध्ये घडले. तिथली राष्ट्रीय रायफल संघटना 1859 मध्ये स्थापन झाली. पुढच्या वर्षी 2 जुलैला विंबल्डनच्या माळरानावर राणी व्हिक्टोरियाने पक्क्या बसवलेल्या व्हिटवर्थ रायफलची रेशमी दोरी ओढून 400 यार्डांवरच्या लक्ष्याच्या जवळजवळ मध्यावर गोळी मारली आणि स्पर्धांना सुरुवात झाली. तीस वर्षांत लंडन त्या माळाला येऊन भिडले. 1890 मध्ये सगळा कारभार सरे परगण्यातल्या बिस्लीला हलवावा लागला, तो आजही तिथेच आहे.

अमेरिकेने हाच धडा आपल्या खर्चाने पुन्हा गिरवला. यादवी युद्धात सैनिकांचा नेम किती कच्चा होता हे पाहिलेल्या विल्यम चर्च आणि जॉर्ज विंगेट यांनी 1871 मध्ये तिथली राष्ट्रीय रायफल संघटना काढली. न्यूयॉर्क राज्याने जमिनीसाठी 25 हजार डॉलर मंजूर केले, लाँग आयलंडवरचे क्रीड घराण्याचे शेत घेतले आणि 1873 मध्ये क्रीडमूर रेंज सुरू झाली. पुढच्याच वर्षी तिथे आयर्लंडविरुद्ध सामना झाला. 800, 900 आणि 1000 यार्ड, प्रत्येक संघात सहा जण, प्रत्येक अंतरावर प्रत्येकी पंधरा गोळ्या. आयरिश संघाकडे नळीच्या तोंडातून भरायच्या रिग्बी रायफली, अमेरिकनांकडे मागून भरायच्या रेमिंग्टन आणि शार्प्स. निकाल 934 विरुद्ध 931, अमेरिकेच्या बाजूने. एका आयरिश नेमबाजाची गोळी ऐन मध्यावर लागली होती, पण शेजाऱ्याच्या लक्ष्यावर. तिचे चार गुण मिळाले असते तर आयर्लंड एका गुणाने जिंकले असते. दुसऱ्याच्या लक्ष्यावरची गोळी शून्य, हा नियम आजही पाळला जातो. हजारो लोक हा सामना पाहायला आले होते आणि लांब पल्ल्याची नेमबाजी काही काळ देशभर चर्चेचा विषय झाली.

तरीही क्रीडमूर टिकले नाही. राज्यकर्त्यांचा उत्साह ओसरला, 1890 मध्ये जमीन राज्याकडे परत गेली, 1892 पासून मोठ्या स्पर्धा न्यू जर्सीतल्या सी गर्टला होऊ लागल्या. भोवतीचा भाग वाढत गेला, भरकटलेल्या गोळ्यांच्या तक्रारी येत राहिल्या आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रेंज बंद झाली. ती जागा आता न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागात येते. तिथे मनोरुग्णालय आहे. त्यानंतरची निवड शहाणपणाची होती. 1907 पासून राष्ट्रीय सामने ओहायोतल्या कँप पेरीवर आले. तिथे लक्ष्यांच्या मागे ईरी सरोवर आहे, आणि गोळीबाराच्या वेळी पाण्याचा तो भाग नौकांना बंद असतो. पाण्यावर घरे उठत नाहीत, म्हणून कँप पेरी अजून चालू आहे.

लक्ष्यामागे किती जागा लागते, हा प्रश्न सैन्यालाही सुटला नव्हता. पहिल्या महायुद्धातला अनुभव लक्षात घेऊन अमेरिकन लष्कराने मशीनगनसाठी लांब जाणारी, मागे निमुळती होत गेलेली गोळी बनवली. एम-1 नावाचे ते काडतूस पाच हजार यार्डांच्याही पुढे जाई. नॅशनल गार्डच्या, म्हणजे राज्यांच्या राखीव सैन्याच्या, अनेक रेंजच्या हद्दीबाहेर ती गोळी पडू शकत होती, म्हणून 1930 च्या दशकाच्या अखेरीस सुमारे साडेतीन हजार यार्डच जाणारे एम-2 काढावे लागले. माझ्या मते रेंज काढणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग लक्षात ठेवायला हवा. मैदाने बदलता येईनात, तेव्हा खुद्द देशाच्या सैन्याने गोळी बदलली. छोट्या मालकाच्या हाती तेही नसते. गिऱ्हाईक स्वतःची रायफल आणि स्वतःची काडतुसे घेऊन येते. मालकाला फार तर काही गोळ्यांवर बंदी घालता येते. पन्नास कॅलिबरची, म्हणजे अर्धा इंच जाडीची, गोळी साडेसहा किलोमीटरच्या पुढे जाते, म्हणून अनेक रेंज ती चालू देत नाहीत. पोलादी गाभ्याच्या आणि आग लावणाऱ्या गोळ्यांवर बंदी असते ती लक्ष्ये फुटू नयेत आणि वाळलेले गवत पेटू नये म्हणून.

जमिनीचा हिशेब साधा आहे. हजार यार्ड लांब आणि शंभर यार्ड रुंद पट्टी जेमतेम 21 एकरांची. पण मागे डोंगर नसेल आणि साडेतीन हजार यार्डांची सोय करायची असेल, तर नुसती पाचशे यार्ड रुंदी धरली तरी 360 एकरांच्या वर जाते. प्रत्यक्षात धोक्याचा पट्टा पुढे पंख्यासारखा रुंदावत जातो. म्हणून छोट्या रेंज दरीत, डोंगर पाठीशी घेऊन उभ्या राहतात. पेन्सिल्व्हेनियात विल्यम्सपोर्टजवळ 1967 मध्ये हजार यार्डांच्या बेंचरेस्ट नेमबाजीचा, म्हणजे रायफल मेजावर टेकवून करायच्या नेमबाजीचा, क्लब निघाला तो डोंगराळ मुलखातच. असे क्लब सभासदांच्या वर्गणीवर आणि श्रमदानावर चालत. धंदा म्हणून हा हिशेब बसत नव्हता, कारण कागदी लक्ष्ये वरखाली करायला, छिद्रांवर खुणा लावायला खंदकात माणसे बसवावी लागत.

गेल्या वीस वर्षांत हे चित्र पालटले. लेझरने अंतर मोजणारी उपकरणे हाती आली, कारखान्यातून थेट येणाऱ्या रायफलींचा नेम सुधारला, 2007 मध्ये हॉर्नडी या काडतुसे बनवणाऱ्या कंपनीने जुन्या रेंजचे नाव दिलेले 6.5 क्रीडमूर काडतूस आणले आणि 2012 मध्ये प्रिसिजन रायफल सिरीज ही स्पर्धांची मालिका सुरू झाली. पोलादी पाट्यांवर गोळी लागली की आवाज येतो, कॅमेऱ्यात खूण दिसते. खंदकातल्या माणसांची गरज उरली नाही. त्यामुळे एखादे कुटुंब दोन-तीन मदतनीस घेऊन रेंज चालवू शकते. गिऱ्हाईक लांबून यायलाही तयार असते. ताशी दहा मैलांचा आडवा वारा .308 या प्रचलित काडतुसाच्या गोळीला हजार यार्डांवर साधारण सात फूट बाजूला नेतो. हे वारा वाचणे शंभर यार्डांच्या रेंजवर शिकता येत नाही.

पण गर्दी झाली तरी गल्ला त्या प्रमाणात भरत नाही. लांब पल्ल्याचा नेमबाज एक जागा तासन्‌तास अडवतो आणि गोळ्या थोड्याच मारतो. कोणी लक्ष्याकडे गेला की सगळी रांग थांबवावी लागते. म्हणून दिवसाच्या तिकिटावर विसंबणे मला धोक्याचे वाटते. वार्षिक सभासदत्व, वारा आणि दुर्बिणीचे शिकवणी वर्ग, महिन्याची स्पर्धा, मुक्कामासाठी गाड्या लावायची जागा, यांतून खर्च निघण्याची शक्यता जास्त. त्यात सरकारी रेंजशी चुरसही आहे. 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने लांब बंदुका आणि काडतुसांवरचा 11 टक्के कर वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना मिळतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर सार्वजनिक रेंजच्या खर्चाचा 90 टक्क्यांपर्यंत वाटा त्यातून घेता येतो. खासगी मालकाच्या गिऱ्हाइकानेच भरलेल्या करातून शेजारी स्वस्त रेंज उभी राहू शकते.

शेजाऱ्यांच्या बाबतीत कायदा आज मालकाकडे झुकलेला आहे. बहुतेक राज्यांत रेंज-संरक्षण कायदे आहेत. रेंज आधीपासून नियमांत चालू असेल तर नंतर आलेल्याला आवाजासाठी तिला उपद्रव ठरवणे अवघड जाते. नव्या रेंजला हे कवच आपोआप मिळत नाही. गोळ्यांतल्या शिशाने होणाऱ्या प्रदूषणाला तर ते लागूच नाही. कनेक्टिकटमधल्या किनाऱ्यावरच्या गन क्लबविषयी 1993 मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने पाण्यात साचलेले छर्रे टाकाऊ पदार्थ ठरतात असे म्हटले, आणि 2001 मध्ये केंद्राच्या पर्यावरण संस्थेने उघड्या रेंजसाठी शिशाच्या व्यवस्थापनाची पुस्तिका काढली. बांधातली माती चाळून शिसे काढणे, चुना घालून मातीची आम्लता आटोक्यात ठेवणे, पावसाचे पाणी ओढ्यात जाऊ न देणे हा खर्च पहिल्या दिवसापासून धरायला हवा. जमीन विकताना घेणारा प्रथम हेच विचारतो.

आणि हिशेबाचा कागद मांडण्यापूर्वी परवानगीतल्या अटी हातात असाव्यात. नोकरदार गिऱ्हाईक सुट्टीलाच येते, आणि शेजाऱ्यांचा विरोधही सुट्टीच्या गोळीबारालाच सर्वांत जास्त असतो. मंडळाने रविवार वगळला तर आठवड्याच्या कमाईचा मोठा भाग जातो. जमिनीचे पैसे गुंतवण्याआधी तोच मुद्दा सुनावणीत सोडवून घ्यावा लागतो.