पंपातलं कातडं

जुनी सायकल सोडवून, घासूनपुसून पुन्हा रस्त्यावर आणणारे हौशी लोक आता संभाजीनगर, परभणी, लातूरकडेही भेटतात. फ्रेम, घंटी, कातडी सीट यांवर त्यांचा जीव असतो. पंप मात्र बहुतेकदा शोभेला. नळी घासून चकचकीत करायची, फ्रेमच्या खुंट्यांत अडकवायची आणि हवा भरायला कोपऱ्यावरच्या कॉम्प्रेसरवर जायचं. मला हे पटत नाही. पंप दुरुस्त करायचा तर सुरुवात पितळेपासून नाही, आतल्या रुपयाएवढ्या कातड्यापासून करावी लागते. आपल्याकडे त्याला सगळे वायसर म्हणतात.

वायसर म्हणजे कातड्याची छोटी वाटी. दट्ट्याच्या टोकाला ती दोन चकत्यांमध्ये नटाने आवळलेली असते, तोंड टायरच्या बाजूला. मूठ मागे ओढली की वाटीच्या कडा आत दबतात आणि कडेने हवा पुढे शिरते. मूठ दाबली की तीच हवा कडांना बाहेर ढकलते, कडा नळीला चिकटतात आणि हवेला मागची वाट बंद होते. जितका दाब जास्त तितकी पकड घट्ट. फ्रेमला लावायच्या लहान पंपात याशिवाय दुसरी झडप नसतेच. टायरमधली हवा परत पंपात येऊ नये हे काम चाकाच्या व्हॉल्व्हवर सोडलेलं असतं. दुकानातल्या उभ्या, पायाने धरायच्या पंपात मात्र तळाशी वेगळी झडप असते.

आता जरा मागे जाऊ. हवेच्या टायरचं पेटंट रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्येच घेतलं होतं, पण तेव्हा सायकलच नव्हती, त्यामुळे ते विस्मरणात गेलं. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलप या गुरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी तीच कल्पना नव्याने शोधली. पुढे थॉमसनचं जुनं पेटंट उजेडात आलं आणि डनलपचं रद्द झालं, नाव मात्र डनलपचंच राहिलं. त्यानंतर काहीच वर्षांत वुड्सचा व्हॉल्व्ह आला. धातूच्या बारीक नळीला आडवं भोक, त्यावर चढवलेली रबराची पातळ नळी. पंपाचा दाब पडला की रबर फुगून हवा आत सोडतं, दाब संपला की बसतं. हीच आपली वालट्यूब. दुकानात ती कापून इंच-इंचाने विकायचे. जुना पंप जपणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं, कारण पंपाच्या नळीचे आटे याच व्हॉल्व्हला बसतात, मोटारसायकलच्या व्हॉल्व्हला नाही.

मराठवाड्यात हे सामान आलं ते निजामाच्या राज्यात. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत सिकंदराबादला जाणारी मीटर गेज लाइन १९०० च्या सुमारास सुरू झाली होती. मुंबईच्या गोदीत उतरलेली विलायती सायकल याच गाडीने यायची. हैदराबाद संस्थानाची जकात वेगळी, तिला करोडगिरी म्हणायचे, आणि नाणंही वेगळं, त्याचं नाव हाली. शंभर इंग्रजी रुपयांना हाली ११६ रुपये १० आणे ८ पै पडायचे. म्हणजे मुंबईची किंमत, वर रेल्वेभाडं, वर करोडगिरी आणि वर हा बट्टा. सायकल कुणाकडे असायची ते यावरून समजून घ्या : वकील, डॉक्टर, तालुक्याचा एखादा अंमलदार, सधन देशमुख.

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं आणि चित्र बदललं, आणि योगायोगाने त्याच सुमारास देशी कारखानेही उभे राहिले. मद्रासजवळ अंबत्तूरला टी. आय. सायकल्स (हर्क्युलिस, फिलिप्स, बीएसए), आसनसोलला सेन-रॅले, १९५१ मध्ये सोनीपतला अॅटलस, १९५६ मध्ये लुधियानात हीरो. तेव्हा मग मास्तर, ग्रामसेवक, दूधवाला सायकलवर आले. पंपही देशी झाला. पितळेच्या जागी पत्र्याची नळी, लाकडी मूठ. वायसर मात्र तेच.

विलायती पंपांत ब्लूमेल हे मोठं नाव. कॉव्हेंट्रीजवळच्या वोल्स्टन गावात त्यांचा कारखाना होता आणि सेल्युलॉइडचे हलके पंप ही त्यांची खासियत. सेल्युलॉइडचा पंप ओळखायचा सोपा मार्ग असा : नळी तळहातावर जोरात घासा आणि वास घ्या. आरती झाल्यावर देवघरात दरवळतो तो कापराचा वास येईल, कारण या पदार्थात कापूर असतोच. हा पदार्थ चटकन पेट घेतो, म्हणून नळीच्या टोकाची अडकलेली टोपी सुटावी यासाठी त्याला मेणबत्ती दाखवायची नाही. आणि आणखी एक, माझ्या पैशाने शिकलेलं : नेलपॉलिश काढायचं द्रावण लावायचं नाही. असल्या एका काळ्या पंपावरचा रंगाचा डाग काढायला मी ते बोळ्याने लावलं. डाग गेला, पण खालची नळीही विरघळून पांढुरकी, खडबडीत झाली. बोळ्याचे धागे अजून तिच्यात रुतलेले आहेत. ओल्या फडक्यापलीकडे काही करायला नको होतं.

कातडी वाटीची ओळख मराठवाड्याला फक्त सायकलने झाली असं नाही. पंप मारून पेटवायच्या पितळी स्टोव्हमध्ये तीच वाटी, जत्रेतल्या आणि वरातीतल्या गॅसबत्तीत तीच. म्हणून तालुक्याच्या बाजारात स्टोव्ह दुरुस्त करणाऱ्याच्या डब्यात सायकलच्या पंपाचं वायसर हमखास मिळायचं. आणि मोठ्या आकाराची तीच वाटी बोअरमध्ये खोलवर, हातपंपात म्हणजे हापशात होती. गावोगावच्या हापशाचा इतिहास जालन्यातून जातो. तिथल्या चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनने ओतीव लोखंडाचे पंप सारखे मोडतात म्हणून पोलादी पंप बनवला, तो जालना पंप. त्याच्यावरून पुढे सोलापूर पंप झाला आणि त्यातून १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीने इंडिया मार्क टू. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या माणसांना हापसा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. त्या हापशाच्या सिलिंडरात सुरुवातीला कातडी वायसरच होते, रबराचे नंतर आले. हापसा दहा वेळा हाणूनही पाणी येईना की ‘वायसर गेलं’ असं म्हणणारी बाई आणि पंपातून फुसफुस ऐकून तेच म्हणणारा सायकलवाला, दोघं एकाच वस्तूबद्दल बोलत असत.

आता कातड्याबद्दल. बाभळीच्या सालीत, हिरड्यात कमावलेलं कातडं ओलं करून दाबलं तर वाळल्यावर तो आकार धरून ठेवतं. ढोर समाजातली माणसं पिढ्यानपिढ्या हेच काम करत आली आणि विहिरीवरच्या मोटेचं कातडंही त्यांच्याच हातचं. आजकाल पर्स आणि जाकिटाला वापरतात ते क्रोमने कमावलेलं कातडं मऊ असतं, पण वाटीचा आकार धरत नाही. लोक घरच्या जुन्या पर्सचा तुकडा कापून बसवतात आणि पंप चालत नाही म्हणून कुरकुरतात, ते यामुळेच. चपला शिवणाऱ्याकडून दीड-दोन मिलिमीटर जाडीचा जुन्या पद्धतीचा तुकडा घ्यावा, गोल चकती कापून पाण्यात भिजवावी, योग्य मापाच्या पान्याच्या गोटीत (सॉकेटमध्ये) दाबून बांधावी आणि सावलीत वाळू द्यावी. उन्हात ठेवली तर तडकते. मग एरंडेल. यंत्राचं तेल कातड्याला फारसं मानवत नाही, आणि नळीतून पुढे गेलं तर वालट्यूबचं रबर फुगवून खराब करतं.

आमच्या जुन्या माळवदाच्या घरात आजोबांचा पंप खुंटीला टांगलेला होता. बाजारात सायकल लावली की पंप काढून पिशवीत घालायचा ही त्यांची शिस्त, म्हणून सायकल गेली तरी पंप राहिला. उघडताना टोपी हलेना. आट्यांवर रॉकेलचे चार थेंब सोडून रात्रभर ठेवला, सकाळी जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून पिळला, तेव्हा सुटला. आतलं वायसर वाळल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखं, कडा आत वळलेल्या. मी ते फेकणार होतो. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाले, “वायसर सूक गया, तेल पिलाव.” दोन दिवस वाटीभर एरंडेलात ठेवलं. काळंभोर, मऊ झालं. चमच्याच्या दांड्याने कडा हळूच बाहेर पसरल्या आणि दट्ट्या फिरवत फिरवत नळीत घातला. सरळ ढकलला तर कड दुमडते. मग नळीच्या तोंडावर अंगठा दाबून मूठ ढकलली. निम्म्यावर अडली आणि सोडल्यावर उसळून मागे आली.

चकाकीबद्दलही थोडं बोलायला हवं. पितळेवर पिवळसर, ऊबदार झाक असलेला पांढरा मुलामा असेल तर ते निकेल, निळसर असेल तर क्रोम. सायकलींवर क्रोम साधारण १९३० च्या आसपास रुळलं, त्यामुळे वयाचा अंदाज यावरून बांधता येतो. युद्धाच्या वर्षांत इंग्लंडमध्ये मुलाम्याची टंचाई होती, तेव्हाचे भाग नुसते काळे रंगवलेले असतात. त्यांना क्रोम करून ‘मूळ रूप’ देणारे पाहिले की हसू येतं. निकेलचा थर पातळ असतो. घरच्या तांब्या-पितळेसारखं चिंच लावून घासलं तर खालचं पितळ उघडं पडतं.

बाकी भागांत फसगत होते ती आट्यांची. रॅलेच्या बॉटम ब्रॅकेटचे (पायडलचा आस फिरतो त्या जागेचे) कप इंचाला २६ आट्यांचे, इतर इंग्लिश सायकलींचे २४. दिसायला सारखे, पण जबरदस्तीने घातले की फ्रेम कायमची गेली. छर्रे मोजून काढावेत : पुढच्या हबला (चाकाच्या मधल्या तुंब्याला) ३/१६ इंची, प्रत्येक बाजूला दहा, मागच्याला पाव इंची, नऊ. जुने कप, हब मिळत नाहीत, कारण भंगारवाल्याकडून ते थेट जालन्याच्या सळईच्या भट्ट्यांत जातात. भंगारात सायकल किलोवर जाते, तिथे रॅले आणि पलंगाची पट्टी एकाच भावाची.

आजोबांच्या पंपाने परवा २८ × १½ चं मागचं टायर भरलं. शेवटच्या विसेक दमांत नळी हाताला चटका बसेल इतकी तापली, ती दाबलेल्या हवेची ऊब. वालट्यूब मात्र नवी घालावी लागली. जुनी डिंकासारखी चिकटून बसली होती.