गाडीचं इंजिन ऑइल वाढतंय: आत डिझेल उतरलंय की कूलंट?

ऑइल कमी झालं की मालक घाबरतो, भरपूर दिसलं की निर्धास्त होतो. डिझेल गाडीत हा निर्धास्तपणा महाग पडू शकतो. इंजिन ऑइल आपोआप वाढत नाही. पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेपलीकडे चढत असेल, तर चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं तिथे, दुसरं काहीतरी उतरतंय आणि ते जवळजवळ नेहमी डिझेल तरी असतं, नाहीतर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव. डिपस्टिकवर दोन्ही सारखेच चढतात. पुढे करायचं ते मात्र अगदी उलट. डिझेल असेल आणि पातळी फार वर गेली नसेल, तर गाडी जपून गॅरेजपर्यंत नेता येते. कूलंट असेल तर स्टार्टसुद्धा मारायचा नाही. म्हणूनच "एक्सप्रेस-वेला एक चक्कर मारून आण, ठीक होईल" हा सल्ला, ऑइल का वाढलंय ते कळायच्या आधी, कुणाचाही ऐकू नये.

आधी पातळी खरंच वाढली आहे का ते पाहा. गाडी सपाट जागी हवी, इंजिन बंद करून दहा-एक मिनिटं झालेली हवीत, डिपस्टिक एकदा पुसून मग पुन्हा घालायची. सर्व्हिसिंगमध्येच ऑइल जास्त ओतलेलं असणं हे सर्रास घडतं. पण ते पहिल्या दिवसापासून जास्त असतं आणि तिथेच राहतं. सर्व्हिसिंगनंतर लगेच मोबाइलवर डिपस्टिकचा फोटो काढून ठेवला, तर हा प्रश्न तिथल्या तिथे निकाली निघतो. आपण बोलतोय ते आठवड्यागणिक चढत जाणाऱ्या ऑइलबद्दल.

डिझेल ऑइलमध्ये पोचतं कसं? एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि डिझेल मोटारींच्या सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ (डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर) आला. हा फिल्टर काजळी अडवतो, आणि ती साठली की जाळून टाकावी लागते. हायवेवर धुराचं तापमान चांगलं चढतं, तेव्हा बरीचशी काजळी आपसूक जळते. हिंजवडी किंवा घोडबंदर रोडच्या कोंडीत ते तापमान येतच नाही. मग इंजिनचा कंट्रोलर स्वतः काजळी जाळायचं काम, म्हणजे रिजनरेशन, सुरू करतो: मुख्य ज्वलन होऊन गेल्यावर नोझलमधून थोडं जास्तीचं डिझेल सोडतो, ते पुढे एक्झॉस्टमध्ये जळतं आणि फिल्टरचं तापमान ६०० अंशांच्या आसपास जातं. या उशिरा सोडलेल्या डिझेलचा काही भाग सिलिंडरच्या भिंतीवर बसतो आणि पिस्टनच्या रिंगांजवळून खाली चेंबरमध्ये उतरतो. रिजनरेशन एकदा पूर्ण झालं तर हे प्रमाण किरकोळ असतं. पण दहा-पंधरा मिनिटांचं हे काम अर्धवट असताना तुम्ही ऑफिसला पोचून गाडी बंद केली, संध्याकाळी घरी येताना ते पुन्हा सुरू होऊन पुन्हा तुटलं, असं महिनाभर चाललं की ऑइल चढलेलं दिसतं.

पेट्रोल गाडीतही ऑइलमध्ये इंधन उतरतं, पण इंजिन नीट तापलं की त्यातलं बरंचसं उडून जातं. डिझेलचं तसं नाही. डिझेल साधारण १८० ते ३६० अंशांदरम्यान उकळतं आणि चेंबरमधलं ऑइल १०० अंशांच्या आसपासच असतं. उतरलेलं डिझेल तिथेच साचत जातं.

रिजनरेशन चालू असल्याचं लक्ष ठेवलं तर कळतं. आयडलिंगचे आरपीएम नेहमीपेक्षा वर असतात, ॲव्हरेज अचानक पडतं, गाडी बंद केल्यावरही फॅन जोरात फिरत राहतो, जळकट वास येतो. अशा वेळी शक्य असेल तर पाच-दहा मिनिटं जास्त चालवून ते पुरं होऊ द्यावं.

मात्र "बीएस-६ आहे, डीपीएफ आहे, चालायचंच" म्हणून सोडून देणंही चूक. रिजनरेशन वारंवार होत असेल तर त्याचंही कारण असतं. थर्मोस्टॅट उघडा अडकला की इंजिन पुरेसं तापत नाही. टर्बोचा होज फुटलेला असला की काजळी जास्त होते. डीपीएफचा प्रेशर सेन्सर चुकीचं दाखवत असला की कंट्रोलरला फिल्टर भरल्याचा भास होतो. स्कॅनर लावून शेवटचं यशस्वी रिजनरेशन किती किलोमीटरपूर्वी झालं आणि काजळी किती साठली आहे, एवढं तरी गॅरेजवाल्याकडून काढून घ्यावं. त्याआधीच्या बीएस-४ च्या बहुतेक छोट्या डिझेल गाड्यांत डीपीएफच नव्हता. तिथे ऑइलला डिझेलचा वास आला तर संशय गळक्या नोझलवर, हाय-प्रेशर पंपाच्या सीलवर, किंवा काही इंजिनांत टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या वरच्या झाकणाच्या) आतून जाणाऱ्या, उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या रिटर्न लाइनवर घ्यायचा. गळकं नोझल काढून टेस्ट बेंचवर तपासल्याशिवाय पक्कं सांगता येत नाही.

आता कूलंट. ते रिंगांवरून नाही, फुटलेल्या वाटेने येतं: हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील), हेडला गेलेली चीर, किंवा ऑइल कूलर. गॅरेजमध्ये पहिलं नाव हेड गॅस्केटचं निघतं, कारण गाडी कधीतरी तापलेली असते आणि तो संशय रास्तही असतो. पण माझा आग्रह आहे की हेड उघडायच्या आधी ऑइल कूलर तपासून घ्यावा. अनेक डिझेल गाड्यांत ऑइल थंड करण्यासाठी एक छोटा कूलर असतो. त्यात पातळ पत्र्याच्या एका बाजूला ऑइल, दुसऱ्या बाजूला कूलंट. पत्रा सडला की दोन्ही मिसळतात. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब कूलंटपेक्षा बराच जास्त असतो, म्हणून ऑइल कूलंटमध्ये जातं आणि कूलंटच्या बाटलीत तपकिरी तवंग दिसतो. इंजिन बंद केल्यावर ऑइलचा दाब लगेच शून्यावर येतो, पण गरम कूलंटचा दाब टिकून असतो, आणि मग ते उलटं ऑइलमध्ये शिरतं. बाटलीत तवंग आहे, पण कूलंटमध्ये ज्वलनाचे वायू सापडत नाहीत, अशी गाडी आधी कूलरसाठी बघायला हवी. हे वायू तपासायला निळं रसायन मिळतं. वायू असतील तर त्याचा रंग बदलून हिरवट किंवा पिवळा होतो. गाडी थंड असताना कूलंटच्या वाटेला पंपाने दाब देऊन तो टिकतो का हेही बघता येतं. दोन्ही तपासण्या हेड काढून लेथवाल्याकडे पाठवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहेत.

घरी ओळखायचं असेल, तर मी डिपस्टिकच्या आधी कूलंटची बाटली बघायला सांगेन. इंजिन पूर्ण थंड असताना पातळी खुणांमध्ये आहे आणि महिनोन्महिने हललेली नाही? मग कूलंटची शक्यता खूपच कमी. ती उतरत असेल, तर मात्र ऑइलचं चढणं आणि कूलंटचं उतरणं एकत्र धरायचं. ड्रायव्हर गाडी चालवत असेल तर त्याला विचारा. अनेक जण न बोलता दर आठवड्याला बाटलीत पाणी टाकून ठेवतात, आणि मालकाला ती कायम भरलेलीच दिसते. कूलंट कमी होतंय पण ऑइल चढत नाही आणि पांढरा धूर येतोय, तर ईजीआर कूलरही (इंजिनात परत पाठवायचा धूर थंड करणारा कूलर) गळत असू शकतो.

ऑइलच्या रंगावर फार विसंबू नये. कूलंट मिसळलं की ऑइल दुधाच्या चहासारखं होतं हे खरं, पण ते प्रमाण जास्त झाल्यावर. डिझेल गाडीचं ऑइल काजळीने आधीच काळंभोर असतं, आणि थोडं कूलंट गेलं तर त्यातलं पाणी उडून ग्लायकॉल मागे राहतं; दिसायला काहीच फरक पडत नाही. उलट पावसाळ्यात, फक्त दोन-तीन किलोमीटर फिरणाऱ्या गाडीत, ऑइलच्या झाकणाखाली पिवळट-पांढरी साय जमलेली दिसते आणि लोक हादरतात. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल आणि कूलंट जागेवर असेल, तर ती हवेतली वाफ आहे. लांब फेरीनंतर जाते.

वास अधिक उपयोगी. डिपस्टिकवरचा थेंब दोन बोटांत चोळा: डिझेल असेल तर वास स्पष्ट येतो आणि ऑइल पाण्यासारखं पातळ लागतं. टिपकागदावर थेंब टाकून काही तास ठेवला, तर डिझेलवाल्या ऑइलच्या काळ्या डागाभोवती फिकट, तेलकट वर्तुळ पसरतं. आणखी एक जुनी गॅरेजची रीत: गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी स्टार्ट न करता ड्रेन बोल्ट हळूच सैल करायचा. पाणी जड, म्हणून ते तळाला बसतं आणि पहिल्यांदा तेच बाहेर येतं. डिझेल ऑइलात पूर्ण विरघळलेलं असतं, ते वेगळं होत नाही. खात्रीच हवी असेल तर ट्रकच्या ताफ्यांसाठी ऑइल तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नमुना द्यावा. डिझेल असेल तर ऑइलचा चिकटपणा आणि पेट घेण्याचं तापमान घसरलेलं दिसतं. कूलंट असेल तर सोडियम आणि पोटॅशियम वर येतात.

कूलंटचा संशय असताना स्टार्ट का मारायचा नाही? कूलंट बेअरिंगवरचा ऑइलचा थर मोडतं, फिल्टर चिखलाने भरतं, आणि गॅस्केटमधून सिलिंडरमध्ये साचलेलं असेल तर ते दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो. टो करून न्या.

डिझेलचं नुकसान सावकाश होतं. पातळ झालेलं ऑइल टर्बो, बेअरिंग आणि टायमिंग चेनला पुरेसा थर देत नाही. पातळी खूपच वर गेली तर क्रँकशाफ्ट ऑइल घुसळतो, फेस होतो, आणि तो ब्रीदरमधून (चेंबरमधल्या वाफा बाहेर नेणाऱ्या नळीतून) इंजिनात हवा जाते त्या इनटेकमध्ये ओढला गेला की डिझेल इंजिन त्याच ऑइलवर धावू लागतं. मग चावी बंद करूनही थांबत नाही. मॅन्युअल गाडीत वरचा गिअर टाकून, ब्रेक घट्ट दाबून क्लच सोडणं हा एक उपाय.

म्हणून वरचं ऑइल थोडं काढून पातळी खुणेवर आणणं पुरेसं नाही. उरलेलं तितकंच पातळ आहे. क्रम असा ठेवा: आधी ऑइल आणि फिल्टर बदला, डीपीएफला चालणारं, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या दर्जाचंच भरा, कारण शोधा, आणि मग हायवेची फेरी किंवा स्कॅनरने रिजनरेशन करून घ्या. कूलंट गेलं असेल तर दुरुस्तीनंतर भरलेलं पहिलं ऑइल थोड्याच किलोमीटरनंतर पुन्हा बदलावं लागतं, कारण ग्लायकॉलचा चिखल ऑइलच्या वाटांत चिकटून राहिलेला असतो.