फाशांच्या खेळातला डायनासोर लढेल कसा?

डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या 2014 सालच्या नियमांत टायरॅनोसॉरस रेक्सला (टी. रेक्सला) 136 हिट पॉइंट्स आहेत. वारांनी तेवढे पॉइंट्स घटले की तो कोसळतो. हा खेळ टेबलाभोवती बसून खेळतात. एक जण गेम मास्टर होऊन कथा पुढे नेतो, बाकीचे योद्धा, जादूगार, चोर अशी पात्रं घेतात आणि वार लागला की हुकला हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. 1977 सालच्या पहिल्या मॉन्स्टर मॅन्युअल या राक्षसांच्या पुस्तकापासूनच डायनासोर त्यात आहेत. लोखंड फस्त करणारा रस्ट मॉन्स्टर आणि घुबडाच्या तोंडाचा आऊलबेअर हे या खेळातले गाजलेले राक्षस तर खेळाचे सहनिर्माते गॅरी गायगॅक्स यांना डायनासोर म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त प्लास्टिकच्या खेळण्यांवरूनच सुचले.

तरीही खेळात उतरलेला डायनासोर बऱ्याचदा थोराड अस्वलासारखा वागतो. जवळ येतो, चावतो, मरतो. याचं मला वाईट वाटतं, कारण हे प्राणी कसे लढत असतील याचे पुरावे दगडात शिल्लक आहेत आणि त्यातून कल्पनेपेक्षा सरस नियम बनतात.

टी. रेक्सचंच बघा. नियमांत त्याचा वेग एका फेरीत 50 फूट आहे आणि फेरी सहा सेकंदांची असते. धाव घेतली तर 100 फूट, म्हणजे ताशी साधारण 18 किलोमीटर. 2017 साली मँचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी संगणकावर त्याचा सांगाडा चालवून पाहिला. ताशी 20 किलोमीटरच्या आसपास वेग गेला की पायांच्या हाडांवर न पेलणारा ताण येतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे खेळातला आकडा बराच बरोबर आहे! पायी पळणारा माणूस त्याच्या तावडीतून सुटत नाही, घोडेस्वार सुटतो. पण याच नियमांत टी. रेक्सला शेपटीचा फटकाही दिलाय, तो मी काढून टाकीन. ती शेपूट जड डोक्याचा तोल सांभाळत होती आणि मांडी मागे खेचणारा मोठा स्नायू तिच्यातच रुजलेला होता. खरं शस्त्र जबडा. 2012 सालच्या एका अभ्यासात त्याच्या चाव्याचा जोर 35 ते 57 हजार न्यूटन निघाला. कॅनडात सापडलेल्या, टी. रेक्सच्याच मानल्या जाणाऱ्या विष्ठेच्या जीवाश्मात हाडांचा चुरा भरलेला आहे. तेव्हा चावा लागला की पॉइंट्स तर जावेतच, शिवाय ढाल किंवा चिलखतही कायमचं चेपावं.

व्हेलोसिरॅप्टरवर मात्र सगळ्यात जास्त अन्याय झालाय. सिनेमांमुळे तो माणसाएवढा, खवल्यांचा आणि टोळीने येणारा वाटतो. खरा व्हेलोसिरॅप्टर 15-20 किलोचा होता. 2007 साली त्याच्या हाताच्या हाडावर पिसं रुजण्याच्या खुणाही सापडल्या. टोळीने शिकार करण्याचा भक्कम पुरावा नाही. एकट्याने लढण्याचा आहे, आणि तो थक्क करणारा आहे. 1971 साली पोलिश-मंगोलियन मोहिमेला गोबीच्या वाळवंटात दोन सांगाडे एकमेकांत अडकलेले मिळाले. व्हेलोसिरॅप्टरच्या पायाचं वाकडं नख प्रोटोसेराटॉप्स या शाकाहारी डायनासोरच्या मानेपाशी होतं आणि प्रोटोसेराटॉप्सने त्याचा उजवा हात चोचीत पकडला होता. झुंज चालू असतानाच दोघं वाळूखाली गाडले गेले असावेत.

त्या नखाने तो पोट फाडत असेल, असं पूर्वी मानत. 2005 साली संशोधकांनी यांत्रिक पाय बनवून मेलेल्या जनावरांवर प्रयोग केला, तेव्हा नख नुसतं रुतलं, चिरलं काहीच नाही. 2011 साली दुसऱ्या गटाने सुचवलं की शिकरा किंवा गरुड जसा भक्ष्य पायाखाली दाबून धरतो आणि पंख फडफडवत तोल राखून जिवंतपणीच खायला लागतो, तसंच हेही प्राणी करत असावेत. मला हे पटतं, आणि याचा नियमही सुरेख होतो. झडप यशस्वी झाली आणि समोरचा आकाराने लहान असेल, तर तो जमिनीला खिळतो. मग पुढच्या प्रत्येक फेरीत चाव्यासाठी फासा टाकायचा नाही, चावा लागतोच. सुटायचं तर ताकदीची चाचणी. धिप्पाड योद्ध्याला यातलं काही होणार नाही, पण गटातल्या हाफलिंगने, म्हणजे ठेंगण्या जमातीच्या पात्राने, रात्रीचा पहारा एकट्याने देऊ नये.

अँकिलोसॉरस या चिलखती डायनासोरच्या शेपटीचा मागचा अर्धा भाग कुऱ्हाडीच्या दांड्यासारखा ताठ, पुढचा लवचिक. त्यामुळे टोकाची हाडाची गदा डावी-उजवीकडे फिरते, समोर पोहोचत नाही. मोठ्या प्राण्याची गदा हाड मोडू शके, लहानाची नाही, असं जीवाश्मतज्ज्ञ व्हिक्टोरिया आर्बर यांनी 2009 साली गणिताने दाखवलं. तोंडासमोर उभं राहणाऱ्याला फटका नाही, मागून चोरपावलांनी जाणाऱ्याला दुप्पट.

आपल्याकडच्या खडकांतही असा ऐवज आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या लांब मानेच्या आयसिसॉरसपेक्षाही मला मोह पडतो तो गुजरातच्या ढोली डुंगरीतल्या घरट्याचा. भूवैज्ञानिक धनंजय मोहबे यांनी तिथून मिळवलेल्या खडकात फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घातलेला साडेतीन मीटरचा साप आहे, सानाजेह, आणि शेजारी अर्धा मीटर लांबीचं डायनासोरचं पिल्लू. अंडी चोरायला आलेल्या खेळाडूंवर कुठलाही गेम मास्टर चवताळलेली आई सोडेल. पण मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातली लांब मानेच्या डायनासोरांची 92 घरटी इतकी दाटीने आहेत की एवढ्या अवाढव्य माद्या तिथे वावरत असणं कठीण वाटतं. अंडी घालून त्या निघून जात असाव्यात. म्हणून घरट्यापाशी आई ठेवू नका, साप ठेवा. पहिली फेरी त्याची, कारण तो दबा धरून बसलाय. मात्र त्याला अजगरासारखं माणूस गिळण्याचं सामर्थ्य देऊ नका. सानाजेहचा जबडा तेवढा उघडत नव्हता, अख्खं अंडंसुद्धा त्याला गिळता आलं नसतं. तो पिल्लू बाहेर पडायची वाट बघत असावा.