तुमच्या कंट्रोल बोर्डातला वेब सर्व्हर : जोडण्याआधी वाचा

आमच्या बोर्डाला स्क्रीन नाही. तरी तापमान, पंख्याचा वेग आणि रिलेची (बोर्ड चालवतो त्या विजेच्या स्विचची) स्थिती तुम्हाला फोनच्या ब्राउझरमध्ये दिसते, कारण बोर्डावरच एक छोटा वेब सर्व्हर चालतो. त्याला ॲप लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. फोन आणि बोर्ड एकाच नेटवर्कवर असले की झालं.

यंत्र सांभाळणं हे बोर्डाचं खरं काम. पेज दाखवणं त्यानंतर. बोर्डावरच्या मायक्रोकंट्रोलर चिपकडे रॅम (तात्पुरती मेमरी) काहीशे किलोबाइटच असते, आणि एचटीटीपीएसच्या (कूटबद्ध वेबच्या) एका जोडणीला नुसत्या पाठवण्या-घेण्याच्या बफरसाठीच, म्हणजे माहिती तात्पुरती ठेवण्याच्या जागेसाठीच, नेहमीच्या सेटिंगमध्ये ३२ किलोबाइट लागतात. म्हणून एका वेळी तीनच जोडण्या घेतो. चौथ्याला पेज उशिरा उघडेल, पण मोटर थांबणार नाही.

रिले चालू-बंद करणारं बटण आम्ही साध्या लिंकवर ठेवत नाही, 'पोस्ट' विनंतीनेच, म्हणजे ब्राउझर आपणहून पुन्हा पाठवत नाही अशा विनंतीनेच, चालवतो. सुरुवातीच्या एका बोर्डात आम्ही ते लिंकवर ठेवलं होतं. फोनने जुना टॅब आपोआप पुन्हा लोड केला आणि पंप सुरू झाला. तेव्हापासून हा नियम कोणाच्याही सांगण्यावरून मोडत नाही.

नोंदींबद्दल बऱ्याच जणांना प्रश्न पडतो. नोंदी फ्लॅश मेमरीत, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत, राहतात. तिच्यातला ब्लॉक पुन्हा लिहिण्याआधी पुसावा लागतो, आणि एक ब्लॉक साधारण एक लाख वेळा पुसता येतो. दर सेकंदाला तोच ब्लॉक पुसला, तर २८ तासांत त्याचं आयुष्य संपेल. म्हणून नोंदी आधी रॅममध्ये साठवून थोड्या थोड्या वेळाने एकदम लिहितो. वीज अचानक गेली तर शेवटच्या काही मिनिटांच्या नोंदी जातात. बोर्ड वर्षानुवर्षं टिकावा म्हणून हे आम्ही पत्करलं आहे.

आता तुमच्याकडची कामं. प्रत्येक बोर्डाचा पासवर्ड वेगळा असून तो तळाच्या स्टिकरवर छापलेला आहे; पहिल्याच दिवशी बदला. २०१६ मध्ये 'मिराई' या घातक प्रोग्रामने कारखान्यातून आलेले साठेक ठरावीक पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. त्याच कारणाने राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करून (बाहेरून आत यायची वाट उघडून) हे पेज थेट इंटरनेटवर आणू नका. बाहेरून बघायचंच असेल तर व्हीपीएन (तुमच्या नेटवर्कपर्यंतची कूटबद्ध, खासगी जोडणी) वापरा.

बोर्डाचा नेटवर्कवरचा (आयपी) पत्ता कायमचा ठेवायचा असेल तर तो राउटरमध्ये बोर्डाच्या मॅक पत्त्यावर (त्याच्या नेटवर्क चिपच्या ओळख क्रमांकावर) राखून ठेवा. बोर्डात हाताने घातलेला पत्ता एका आकड्याने चुकला तरी पेज सापडेनासं होतं.

पहिल्यांदा उघडताना ब्राउझर प्रमाणपत्राबद्दल (सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या फाइलबद्दल) इशारा देईल, कारण ते बोर्डाने स्वतःच बनवलेलं असतं. डोळे झाकून पुढे जाऊ नका. प्रमाणपत्राचा फिंगरप्रिंट (त्याची ओळख सांगणारी अक्षर-आकड्यांची ओळ) स्टिकरवरच्या फिंगरप्रिंटशी जुळतो का बघा. जुळला नाही तर पासवर्ड टाकू नका, आम्हाला कळवा.

इंटरनेट नसेल तर वेळेसाठी नेटवर्कमधल्याच एखाद्या एनटीपी सर्व्हरचा (नेटवर्कवरून अचूक वेळ देणाऱ्या सर्व्हरचा) पत्ता द्या. नाहीतर वीज गेल्यावर बोर्डाचं घड्याळ १ जानेवारी १९७० पासून सुरू होतं आणि नोंदींच्या तारखा निरुपयोगी ठरतात.

फर्मवेअरसाठी (बोर्ड चालवणाऱ्या प्रोग्रामसाठी) फ्लॅशमध्ये दोन जागा आहेत. नवी आवृत्ती रिकाम्या जागेत उतरते, तिची डिजिटल सही तपासली जाते आणि मगच बोर्ड तिच्यावरून सुरू होतो. नीट सुरू झाला नाही तर वॉचडॉग (बोर्ड अडकला तर तो पुन्हा सुरू करणारा टायमर) जुन्या आवृत्तीवर परत नेतो. तरीही अपडेटआधी सेटिंगची फाइल उतरवून ठेवा. तिच्यात पासवर्ड नसतो. रिसेट बटण दहा सेकंद दाबलं की पुन्हा स्टिकरवरचाच पासवर्ड चालतो, म्हणून स्टिकरचा एक फोटो सुरक्षित जागी ठेवा.