दहा वर्षांच्या मुलाचं बँक खातं: एक खुलासा

‘अठरा पूर्ण होईपर्यंत मुलांना स्वतःचं खातं चालवता येत नाही,’ हे पालकसभेत आजही ठामपणे सांगितलं जातं. ते खरं नाही. रिझर्व्ह बँकेने 2014 मध्येच दहा वर्षांवरील मुलांना स्वतःच्या सहीने बचत खातं चालवायची मुभा दिली आणि 2025 च्या परिपत्रकात ती कायम ठेवली. रकमेची मर्यादा बँक ठरवते. एटीएम कार्ड, चेकबुक द्यायचं की नाही, हेही तीच ठरवते. खात्यात शिल्लक असेल तेवढेच पैसे निघतात, त्यामुळे मूल कर्जात जाईल ही भीती नको. दहा वर्षांखालच्या मुलांचं खातं पालक चालवतात. आईसुद्धा पालक म्हणून चालते, हे अनेकांना ठाऊकच नसतं. चक्रवाढ व्याजाचं गणित आठवीत येतं, तेव्हा स्वतःचं पासबुक समोर असावं असं मला मनापासून वाटतं.