‘केस किती घेणार?’ : एका आकड्याची पूर्वपीठिका

डिझाइनमध्ये पीएचडी करणाऱ्याला सिनॉप्सिसच्या, म्हणजे संशोधनाचा आराखडा मांडण्याच्या, वेळी हा प्रश्न हमखास येतो. केस म्हणजे खोलात जाऊन अभ्यासायचं एकेक उदाहरण. उत्तरही ठरलेलं असतं : चार ते दहा. हा आकडा कॅथलीन आयझेनहार्ट यांच्या १९८९ च्या लेखातला, आणि तो लेख व्यवस्थापनशास्त्रातला. तिथे आधी म्हटलं आहे की केसची आदर्श संख्या अशी नसते. चार ते दहांत सहसा जमतं, हे त्याच्या पुढचं. चाराहून कमी असल्या तर सिद्धान्त उभा करणं अवघड, दहाच्या वर गेल्या तर माहितीचा पसारा आवरत नाही, असा तो व्यवहारी हिशेब. वाक्याचा पहिला भाग वाटेत गळाला आणि आकड्याचा नियम झाला. मला हे मनापासून खटकतं, कारण या नियमापायी विद्यार्थी एका चांगल्या केसमध्ये वर्षभर मुरण्याऐवजी सहा ठिकाणी धावतात.

त्याआधी, १९६७ मध्ये, ग्लेझर आणि स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी आकडा सांगायचंच टाळलं होतं. रुग्णालयांत मरणाच्या दारातल्या रुग्णांभोवती माणसं कशी वागतात, हे त्यांनी अभ्यासलं होतं. नव्या माहितीतून नवं काही निघेनासं झालं की थांबा, एवढंच त्यांचं म्हणणं. यालाच संपृक्तता म्हणतात. रॉबर्ट यिन यांनी १९८४ मध्ये आणखी एक गाठ सोडवली : केस म्हणजे सर्वेक्षणातला मतदार नव्हे, ती प्रयोगासारखी असते. दुसरी केस घ्यायची ती पहिलीचा निष्कर्ष टिकतो का, हे पाहायला.

डिझाइनचं स्वतःचं उदाहरण मात्र नेदरलँड्समधल्या डेल्फ्टचं. पाठीवरची सॅक माउंटन बाइकवर कशी बसवायची, हे काम एका अनुभवी डिझायनरला दिलं आणि तेच तिघांच्या एका गटाला. प्रत्येकी दोन तास, समोर कॅमेरा. एकट्याने मनात येईल ते मोठ्याने बोलत राहायचं. तिघांचं आपसांत बोलणं चालूच होतं. याच दोन चित्रफिती अनेक संशोधकांना पाठवल्या आणि सप्टेंबर १९९४ मध्ये सगळे डेल्फ्टला जमले. कुणी कागदावरची रेखाटनं पाहिली, कुणी गटातली बोलाचाली, कुणी वेळेचा हिशेब. केस दोनच, पण १९९६ मध्ये त्यातून जाडजूड ग्रंथ झाला. डिझायनर विचार कसा करतो, यावर लिहिणारे आजही त्याकडे वळतात.

केसच्या जोडीला आणखी दोन आकडे असेच फिरतात. चाचणीला पाच वापरकर्ते पुरेत, यातला ‘पाच’ हा आकडा नील्सन आणि लँडाउअर यांच्या १९९३ च्या गणितातून आला. एका वापरकर्त्याच्या चाचणीत सरासरी ३१ टक्के दोष सापडतात, म्हणून पाच जणांत सुमारे ८५ टक्के. हे इंटरफेसमधल्या दोषांचं गणित आहे, माणसांच्या अनुभवाचं नाही.

आणि बारा मुलाखती पुरेत, यातला ‘बारा’? गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांचा २००६ चा अभ्यास घाना आणि नायजेरियातल्या, बऱ्याच अंशी सारख्या परिस्थितीतल्या स्त्रियांचा होता. त्यांनी साठ मुलाखती घेतल्या आणि मग मागे वळून पाहिलं, तेव्हा बहुतेक मुद्दे पहिल्या बारांतच आलेले दिसले. आपण मात्र तो बारा पहिली मुलाखत घ्यायच्याही आधी प्रस्तावात लिहून मोकळे होतो.